परस्पर फरशी

मागे धुळ्यात एका हॉटेलच्या हॉलमध्ये कार्यशाळा होती. दुभाषी म्हणून मला बोलावलं होतं. व्यासपीठामागे भिंतभर बॅनर, त्यावर ठळक अक्षरांत 'परस्पर विकास', आणि खाली बारीक अक्षरांत 'परिणामकारक आंतरराष्ट्रीय सहकार्याची तत्त्वे'. टेबलांवर पाण्याच्या बाटल्या मांडायला आलेला वेटर बॅनरसमोर थांबला, मान वर करून त्याने तो वाचला आणि गालातल्या गालात हसला. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "काही नाही मॅडम. पहिल्यांदाच खरं लिहिलंय."

पुस्तकात 'परस्पर' म्हणजे एकमेकांशी. प्रेम परस्पर, सामंजस्य परस्पर, सहकार्य परस्पर. पण पुस्तकात राहतंय कोण? आपल्याकडे भाऊ परस्पर शेत विकतो, पोरगा परस्पर लग्न जमवतो, वरचे लोक परस्पर बदली करून टाकतात. ज्याचा संबंध आहे नेमकं त्यालाच वगळून केलेलं काम म्हणजे परस्पर. तेव्हा 'परस्पर विकास' म्हणजे तुम्हाला न विचारता केलेला तुमचाच विकास. हॉलमधल्या एकाही तज्ज्ञाला हे खटकलं नाही, कारण तज्ज्ञ बॅनर वाचत नाहीत, बॅनरपुढे उभं राहून फोटो काढतात. तो शब्द त्या भिंतीवर गेला कसा, हे मला चांगलं माहीत आहे. नेला मीच. आणि मला त्याचं काडीइतकंही वाईट वाटत नाही.

त्याआधी मी अमळनेरला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होते. तासिका तत्त्व म्हणजे तत्त्व त्यांचं आणि तासिका आमची. त्याला कंटाळून धुळ्यात देवपुरातल्या एका संस्थेत लागले. संस्था एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर होती. खाली खिळे विकायचे, वर विकास. संस्थेच्या प्रमुखांचा आग्रह असा, की मला साहेब म्हणू नका, आपण सगळे समान आहोत, भाऊ म्हणा. नवीन शिपायाने एकदा खरंच भाऊ म्हटलं, तर दिवसभर तोंड वाकडं. तेव्हापासून सगळे मुकाट्याने साहेबच म्हणायचे.

संस्थेला निधी द्यायचे बाहेरचे लोक. देशाचं नाव सांगत नाही, थंड देश होता एवढं पुरे. त्यांच्याकडून एक बाई यायच्या. बाई मनाने चांगल्या होत्या, हे मला आधीच सांगून टाकलं पाहिजे, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांच्यावर दात धराल. ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी आलं तरी पुन्हा ठेचा मागणारं माणूस वाईट कसं असेल? त्यांना मराठीतले दोन शब्द येत होते, 'नमस्कार' आणि 'छान'. आल्या की नमस्कार, आणि मग जे दिसेल ते छान. विहीर आटली, छान. छप्पर उडालं, छान. त्या दोन शब्दांच्या मधलं सगळं मी भरून काढायचं, हीच माझी नोकरी.

बाईंच्या देशाने एक पुस्तिका काढली होती. दुसऱ्या देशाला मदत करताना कसं वागावं, त्याची तत्त्वं. वाचली तेव्हा मी थक्क झाले, कारण त्यात एक ओळही चुकीची नव्हती. ज्याला मदत करायची, गरज त्यानेच ठरवावी. कामाची मालकी त्याचीच राहावी. चार देणाऱ्यांनी चार दिशांना ओढू नये. किती खर्च केला हे सांगण्यापेक्षा काय बदललं ते सांगावं. आणि देणारा आणि घेणारा, दोघांनी एकमेकांना जाब द्यावा. अहो, एवढं पाळलं तर सासरसुद्धा सुधारेल! साहेबांनी मला मराठीत भाषांतर करायला दिलं. शेवटच्या तत्त्वापुढे मी साधं लिहिलं, 'एकमेकांना जाब देणं'. साहेबांनी ते खोडलं. 'जाब' म्हटलं की भांडणाचा वास येतो, आणि 'देणं' म्हटलं की सावकार आठवतो, असं म्हणाले. त्याजागी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'परस्पर उत्तरदायित्व'. लिहून झाल्यावर दोनदा मोठ्याने वाचलं. आपलं अक्षर आणि आपला शब्द, दोन्हीवर खूश होते.

पुस्तिका पहिल्यांदा कुठल्या गावात वापरायची, असं बोलणं निघालं तेव्हा मी माझ्या मावशीच्या गावाचं नाव सुचवलं. वशिला म्हणा हवं तर. गाव धुळे-अमळनेर रस्त्यावरून आत आहे. रस्त्यावर एसटीचा फाटा, फाट्यापासून चालत गेलं की आडवा नाला, आणि नाल्यापलीकडे गाव. उन्हाळ्यात त्या नाल्यात बकऱ्या झोपतात. पावसाळ्यात गुडघाभरच पाणी असतं, पण गढूळ आणि ओढ असलेलं. खाली गोटे आणि शेवाळ. म्हणून गावातलं प्रत्येक माणूस नाल्याशी आलं की चपला काढून हातात घेतं. तिथल्या माणसाला विचारलं, गाव किती लांब? तर तो म्हणेल, "चपला काढायची जागा आली की आलंच."

नाल्यावर फरशी मागून गाव थकलं होतं. फरशी म्हणजे काही मोठा पूल नव्हे. खाली सिमेंटचे पाईप टाकायचे, वर काँक्रीट ओतायचं, पाणी खालून जातं आणि माणूस वरून. ही फरशी कागदोपत्री 'प्रस्तावित' होती. माझ्या मावशीच्या लग्नाचं वऱ्हाड नाल्यातून गेलं तेव्हाही ती प्रस्तावितच होती.

माझ्या मावशीला अख्खं गाव अक्का म्हणतं, म्हणून मीही अक्काच म्हणते. अक्का बायांच्या गटाची अध्यक्ष. शाळा चौथीपर्यंत, आवाज नाल्यापलीकडे ऐकू जाईल असा. तिने एक गोष्ट अशी केली होती, की भावकीतल्या बायांची तोंडं उघडीच राहिली. बारावी झालेल्या सुनेला तिने अमळनेरला नर्सिंगच्या कोर्सला घातलं. सून रोज सकाळी नाला ओलांडून फाट्यावर जायची आणि एसटीने अमळनेर गाठायची. पहिल्याच पावसाळ्यात ती युनिफॉर्मसकट नाल्यात पडली आणि मनगट मोडलं. पट्ट्या बांधायला शिकायच्या आधी स्वतःच्या हाताला प्लास्टर घालून बसली. गैरहजेरी वाढली. पुढच्या वर्षी अशा दांड्या झाल्या तर परीक्षेला बसू देणार नाही, असं कॉलेजाने बजावलं. आणि तिच्या नवऱ्याने, म्हणजे माझ्या मावसभावाने, सांगून टाकलं की बस झालं, आता पाण्यातून पाठवणार नाही. तो वाईट नाही. त्याने तिला नाल्यातून उचलून आणलं होतं. पण वाईट नसलेल्या माणसामुळेही कोर्स बंद पडतोच.

त्या संध्याकाळी मी तिथेच होते. ओट्यावर चार बाया बसलेल्या, सून दाराआड. अक्का सगळ्यांसमोर म्हणाली, "पानी येवाना पहिले फरशी व्हई. मी सांगस." गावातले पुरुष नंतर पारावर बसून हसले म्हणे. बायांचा गट फरशी बांधणार, मग धरणही बांधा, असं म्हणाले. अक्काने ऐकलं आणि पदर खोचला. तिने पदर खोचला की समजावं, आता काहीतरी होणार.

अशा वेळी आमची संस्था बाईंना घेऊन गावात पोहोचली. गरज गावाने ठरवायची, हे तत्त्व पाळायला. मारुतीच्या देवळापुढे बायांनी रांगोळीने गावाचा नकाशा काढला. जिथे अडचण असेल तिथे खडे ठेवायचे होते. बाया रांगेने आल्या आणि जिचे तिचे खडे नाल्यावर. शेवटी नाल्यावर एवढा ढीग झाला, की खऱ्या नाल्यात टाकला असता तर निम्मी फरशी तिथेच झाली असती. मी बाईंना सांगितलं, सगळ्यांना एकच गोष्ट हवी आहे. बाई भारावल्या. त्यांनी नकाशाचे फोटो काढले. रांगोळीचे रंग फार छान आहेत, म्हणाल्या.

मग धुळ्यात बैठक झाली. बाईंनी मला समजावलं आणि मी ते मराठीत केलं, पण माझ्या घशाखाली काही उतरेना. त्यांच्या कार्यक्रमाचा विषय होता महिलांचं सक्षमीकरण. नाला हा महिलांचा विषय नाही, तो वाहतुकीचा विषय आहे. वाहतुकीसाठी दुसऱ्या एका देशाचा निधी आहे, त्यांच्या कामात ढवळाढवळ करायची नाही. समन्वय! त्या दुसऱ्या देशाला हे गाव नकाशावर माहीत नव्हतं. शिवाय नाला सरकारचा, आणि सरकारची फरशी प्रस्तावित आहेच, सरकारला डावलायचं नाही. सुसंगती! चार जणांनी इतका नीट समन्वय केला, की फरशी कोणीच बांधायची नाही यावर एकमत झालं. मी म्हणाले, पण बाई, सक्षम झालेली बाई नाल्यात पडली तर? बाईंनी खरोखर विचार केला, आणि मग म्हणाल्या, हा फार चांगला मुद्दा आहे. साहेबांनी माझ्याकडे डोळे वटारले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण पगार त्याच मस्तकावर अवलंबून होता.

गावाला मिळालं ते 'महिला माहिती व क्षमता बांधणी केंद्र'. एक खोली, वर स्लॅब, आत फळा. तिथे बायांनी बसून आपल्या गरजांवर चर्चा करायची. बातमी सांगायला मीच गेले. 'बांधणी' एवढं ऐकलं आणि बायांमध्ये आनंदीआनंद झाला. एकीने लगेच विचारलं, नाल्याच्या वरच्या अंगाला बांधणार का खालच्या? मी समजावलं की तशी बांधणी नाही, क्षमता बांधायची. कुठे बांधायची? आपल्या आत. त्या बाईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ऊन लागलंय. आतली बांधणी झालेलीच शे, म्हणाली.

मग पुस्तिकेचं प्रशिक्षण. मी पुढे उभी, बाया समोर सतरंजीवर, सून मागे भिंतीशी. मालकीपर्यंत सगळं ठीक चाललं. अक्काने तिथे मला थांबवलं आणि विचारलं, जे सामान येईल, सिमेंट, गज, खडी, त्याची मालकी कोणाची? मी म्हणाले, तुमची, लिहिलंच आहे तसं. नक्की? नक्की. बाईसुद्धा तसंच म्हणतात? म्हणतात. मग मी 'परस्पर उत्तरदायित्व' म्हणाले. अक्काच्या कपाळावर आठी पडली.

"परस्पर म्हणजे कोणाले न सांगता ना वं?"

मी हसून सांगितलं की नाही, इथे त्याचा अर्थ एकमेकांना, पुस्तकी शब्द आहे. मग एकमेकांना असंच का नाही लिहिलं, असं तिने विचारलं. साहेबांना आवडतं म्हणून, असं कसं सांगणार? अक्काने तो शब्द तोंडातल्या तोंडात दोनदा घोळवला आणि पुढचं चालू दे म्हणाली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. खरं सांगायचं तर आला होता.

होळीनंतर सामान आलं. केंद्र बांधायला साहेबांनी धुळ्याहून एक मिस्त्री पाठवला. मुसलमान होता, वयस्कर, बाया त्याला चाचा म्हणायच्या आणि तोही त्यांचंच ऐकायचा. पुढे उन्हाळाभर मी गावाकडे फिरकले नाही, कारण अक्काचे फोन यायचे. काम चालू शे. तू येऊ नको, ऊन शे. माझ्या मावशीला माझ्या उन्हाची एवढी काळजी जन्मात पहिल्यांदा वाटत होती. ऑफिसला फोटो लागायचे, ते सून मोबाईलवर पाठवायची. गज बांधलेले, बाया पाट्या वाहताहेत, मिक्सर फिरतंय, काँक्रीट ओतलं, वर पोत्याचे तुकडे टाकून पाणी मारलंय. साहेब फोटो बघून समाधानाने मान हलवायचे. प्रगतीच्या अहवालात गेलं, 'स्लॅबचे काम पूर्ण'. खोटं त्यात काहीच नव्हतं. फोटोत स्लॅब हा स्लॅबसारखाच दिसतो, तो भिंतींवर आहे की नाल्यावर, हे जवळून काढलेल्या फोटोत कळत नाही. मी मात्र एका फोटोत कोपऱ्यात बकरी पाहिली होती, आणि ती स्लॅबच्या खाली होती. मी तो फोटो मोठा करून पाहिला नाही. माणसाने प्रत्येक गोष्ट मोठी करून पाहू नये.

पाऊस सुरू होऊन बरेच दिवस झाल्यावर बाई पाहणीला आल्या. गाडीत बाई, साहेब आणि मी. फाट्यावरून आत वळलो. ड्रायव्हरला सवय होती, नाल्याच्या अलीकडे गाडी थांबवायची आणि साहेबांनी बूट काढायचे. त्याने गाडी हळू केली आणि मग थांबवलीच नाही. गाडी सरळ नाल्यावर गेली. खालून गढूळ पाणी पाईपांमधून धो धो चाललेलं, वर आम्ही. पाईप मी ओळखले. पाणीपुरवठ्याच्या एका बंद पडलेल्या योजनेचे, कित्येक वर्षं टाकीपाशी लोळत होते आणि पोरं त्यात लपाछपी खेळायची. फरशीच्या कडेला बुटका कठडा होता आणि कठड्यावर बाया ओळीने बसल्या होत्या, मध्ये अक्का. आणि कठड्यात काय बसवलं होतं सांगू? बाईंच्या देशाने पाठवलेली संगमरवरी पाटी. 'महिला माहिती व क्षमता बांधणी केंद्र'. चाचा मिस्त्रीने ती पातळी धरून, अगदी सरळ बसवली होती.

आम्ही उतरलो. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि केंद्र कुठे आहे म्हणून विचारलं. मी अक्काला विचारलं. अक्काने बसल्या जागी काँक्रीटवर हात थोपटला आणि म्हणाली, "हाई शे." मी सांगितलं की हेच आहे. बायांनी माना डोलावल्या. एकजण म्हणाली, इथेच बसतो आम्ही सकाळ-संध्याकाळ, सगळी माहिती इथेच मिळते. हे तर शंभर टक्के खरं असणार.

साहेबांचा चेहरा उतरला. ते माझ्या कानाशी आले आणि दात आवळून म्हणाले की हे विनापरवाना आहे, सरकारी नाल्यावर आहे, आपली फसवणूक झाली आहे. आजच तहसीलला लेखी कळवतो, म्हणाले, तोडून टाकतील. तोडतील? तोडतील हो. बांधायला जे हात कधी येत नाहीत, ते तोडायला दुसऱ्या दिवशी हजर असतात. मी अक्काकडे पाहिलं. तिला ऐकू गेलं नव्हतं, पण साहेबांचं तोंड तिला वाचता येत होतं. तिचा हात अजून काँक्रीटवरच होता.

बाई गोंधळल्या होत्या, पण रागावलेल्या दिसत नव्हत्या. त्यांनी सरळ प्रश्न विचारला, की खोलीऐवजी हे करायचं, असं ठरवलं कोणी? संस्थेला विचारलं होतं का? मी तो प्रश्न जसाच्या तसा अक्कापुढे ठेवला. मनात म्हणत होते, अक्का, आज तरी थोडं गोल बोल. पण गोल बोलेल ती अक्का कसली. ती उठली, पदर खोचला आणि बाईंच्या डोळ्यांत बघून म्हणाली,

"आमले फरशी जोयजे व्हती. आम्ही परस्पर करी टाकं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाई, कारण त्यांना इंग्रजी हवं होतं. साहेब, कारण त्यांना मराठी कळलं होतं. एका शब्दावर येऊन थांबलं होतं सगळं. कॉलेजात मी पोरांना सांगायची की भाषांतर करताना मूळ अर्थ धरावा आणि शंका आली तर मान्यताप्राप्त संदर्भ बघावा. मान्यताप्राप्त संदर्भ माझ्या पर्समध्येच होता. साहेबांनी स्वतः तपासलेली पुस्तिका. तिच्यात परस्परचा अर्थ स्वच्छ छापलेला होता.

मी म्हणाले, वुई डिड इट म्यूच्युअली.

बाईंचा चेहरा उजळला. म्यूच्युअली? त्या शब्दासाठी त्या कुठल्या कुठल्या देशांत फिरल्या होत्या, किती सभागृहांत तो त्यांनी उच्चारला होता, आणि आज तो त्यांना खानदेशातल्या एका नाल्यावर, पदर खोचलेल्या बाईच्या तोंडून ऐकायला मिळत होता. मूळ शब्द काय म्हणून त्यांनी विचारलं. अक्काने त्यांच्यासाठी सावकाश पुन्हा सांगितला. बाईंनी म्हणून बघितला, पा-रस-पार. अक्का म्हणाली, हां, तसंच. बाईंनी तो वहीत लिहून घेतला, आणि तिथूनच तो पुढे धुळ्याच्या बॅनरवर गेला.

साहेबांनी बोलायला तोंड उघडलं. मी पर्समधून पुस्तिका काढली आणि त्यांच्यापुढे धरली, बाकी काही केलं नाही. ते थांबले. परस्पर म्हणजे पाठीमागून, असं बाईंना सांगायचं तर पुस्तिकेतलं शेवटचं तत्त्वही पाठीमागूनच ठरत होतं, आणि ते तत्त्व त्यांच्या अक्षरात होतं. मग साहेब खाकरले, हसले आणि उत्तम इंग्रजीत बाईंना सांगितलं, की आमच्या संस्थेचा पहिल्यापासून परस्परवरच भर आहे. हेही खोटं नव्हतं. तहसीलला मग कोणीच काही कळवलं नाही.

एक प्रश्न राहिला होता. निष्पत्ती काय, म्हणजे याने काय बदललं? बाईंनी तो विचारला तेव्हा साहेब पुढे सरसावले आणि सामाजिक भांडवल, निर्णयप्रक्रियेतला सहभाग, असं काहीबाही सुरू केलं. अक्का त्यांच्याकडे बघतही नव्हती. ती गावाच्या दिशेला बघत होती. तिकडून तिची सून येत होती. इस्त्रीचा युनिफॉर्म, खांद्याला बॅग, मोडलेला हात आता नीट हलणारा. घाईत होती. फरशीवर आली, आम्हा सगळ्यांना पाहून जरा लाजली आणि बाजूने वाट काढायला लागली.

अक्काने बोट दाखवलं. "तिना पाय देखा."

हे मात्र मी शब्दशः सांगितलं. तिचे पाय बघा. बाईंनी वाकून पाहिलं, आणि मग माझ्याकडे. पायांना काय झालंय? मी म्हणाले, काही नाही झालेलं. कोरडे आहेत. बाईंनी खालच्या पाण्याकडे पाहिलं, मग पुन्हा त्या पायांकडे, आणि त्या वेळी त्या 'छान' म्हणाल्या नाहीत. मला त्या बाई त्या क्षणी मनापासून आवडल्या.

पण सवय कुठे जाते? त्यांनी कॅमेरा काढला आणि मला म्हणाल्या, की हिला जरा मागे जाऊन पुन्हा तेवढंच चालत यायला सांग ना, अहवालासाठी. मी भाषांतर करायला तोंड उघडणार, तोच सुनेने वळून बघितलं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षात इंग्रजी शिकली होती ती. हसून म्हणाली, "सॉरी मॅडम, बस."

फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला आणि ती पळत सुटली. चपला पायात होत्या.